तळटीप : सेटलमेंट

* लेखकाने सेटलमेंटमधल्या लोकांना ‘कैदी’ म्हटले आहे, ते चूक नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली (१८७१) गुन्हा शाबीत व्हावा लागत नसे. त्या जमातीतला जन्म पुरे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहून, हजेरी देत, माणसे कापडगिरण्यांत राबली. सुधारणा हे नाव, लाभ गिरण्यांचा. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती विमुक्त झाल्या. पुढे १९९८मध्ये वडोदऱ्यात महाश्वेता देवी, गणेश देवी व ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्यांच्या हक्कांसाठी कृतिगट काढला. अहमदाबादच्या छारानगरातल्या विमुक्तांचे ‘बुधन थिएटर’ही त्याच वर्षीचे. आणि कैद्यांच्या श्रमाचे म्हणाल, तर सक्तमजुरीच्या कैद्यांना रास्त वेतन द्यावे, हा गुजरातच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकालही १९९८चाच.