तांबडा अकीक : ओळख व इतिहास

मातीतून तांबडा खडा वर आला की कोणी त्यास माणिक समजतो, तर कोणी साधा गोटा म्हणून फेकून देतो. पुष्कळदा तो असतो अकीक. अकीक म्हणजे गारगोटीचाच भाऊबंद. अंगातील लोहाच्या अंशामुळे त्यास तांबडा रंग येतो.

महाराष्ट्राचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यातील पोकळ्यांत गारेचे द्रव्य साठून असे खडे बनले. गुजरातेत भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणी यासाठी प्रसिद्ध आहेत. खाणीतला खडा मळकट पिवळसर असतो. उन्हात वाळवून मंद आचेवर भाजला की आतील लोहामुळे तो तांबडा होतो. लोथल येथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात मणी घडविण्याचा चार हजार वर्षांहून जुना कारखाना सापडला. इराकमधील उर येथील राजघराण्याच्या थडग्यांतही अकीकाचे लांबट मणी मिळाले. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या प्राचीन वस्तीतही असे मणी सापडले आहेत. इ.स. पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात पैठणचे पट्टेदार खडे गाड्यांतून भडोच बंदरास जात, असा उल्लेख आहे.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. अकीकावर चाकूचा ओरखडा उठत नाही. उलट तो काचेवर ओरखडा पाडतो. उजेडाकडे धरल्यास त्याच्या कडा लालसर उजळतात. फुटलेली बाजू शिंपल्यासारखी वळणदार दिसते. पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीच्या खरबरीत पाठीवर घासून तांबडी रेघ उमटली, तर तो खडा लोहखनिजाचा समजावा. तांबडेपणा फक्त वरच्या सालीवर व आत पांढरे असेल, तर ती लोहाचा डाग चढलेली साधी गारगोटी होय.

मात्र या परीक्षा सुट्या खड्यासाठीच आहेत. भोक पाडलेला मणी मिळाल्यास तो घासू नये, फोडू नये, धुऊही नये. जीर्णोद्धारासाठी पाया खणताना असे मणी हाती लागण्याचा संभव असतो. ते कोठे व किती खोल मिळाले, यावरूनच तज्ज्ञ वस्तीचा काळ ठरवितात. मणी एकदा खिशात गेला की ही साक्ष कायमची बुडते. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे.

देऊळ नवे होते, पण त्याखालची माती जुनीच असते. तिने जपलेली गावाची आठवण ग्रामस्थांनीही जपावी, हीही एक देवसेवाच होय.