भिंतीच्या कडेने की खोलीभर?

गेल्या दसऱ्याला आमच्या चिरंजीवांनी घरात ‘होम थिएटर’ आणले. पाच लहान डबे, एक जाडजूड मोठा डबा आणि तारांचे जंजाळ असा तो सरंजाम दिवाणखान्यात मांडून झाल्यावर मी सहज विचारले, “हाच का रे घेतलास?”

“बाबा, दुकानात दोन संच शेजारीशेजारी लावून ऐकवले. ह्याचा आवाज लगेच उठून दिसतो.”

उठून दिसणारच! दुकानदाराने तो अंमळ चढवून ठेवला होता, हे मागाहून त्यालाच आठवले. कानाची ही खोडच आहे. दोन आवाजांतला जो केसभर मोठा, तो आपल्याला मोठा वाटत नाही. तो अधिक स्वच्छ, अधिक भरदार वाटतो. म्हणून खरी पारख करावयाची तर दोन्ही आवाज आधी मोजून सारखे करतात, आणि पेटीवरचे नाव व किंमत दिसू नये म्हणून मध्ये पडदा धरतात.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला त्या डब्यांपेक्षा ते पारखणाऱ्यांचेच कुतूहल अधिक. पारखणारा कोणाच्या पैशाने पारखतो, हा यातला मुख्य प्रश्न होय. अमेरिकेत १९१५ ते १९२५ या काळात एडिसनच्या कंपनीने गावोगाव ‘स्वरपरीक्षा’ भरविल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी तिचीच तबकडी वाजविणारे यंत्र. दिवे मालवायचे, आणि गायिका कोणती व यंत्र कोणते ते श्रोत्यांनी ओळखायचे. लोक चकित होऊन घरी जात. पुढे म्हातारपणी अ‍ॅना केस या गायिकेने मोकळेपणाने सांगून टाकले की, यंत्राशी जुळावा म्हणून आपण गळा आवरून गात होतो. यंत्र माणसासारखे गात नव्हते, तर माणूस यंत्रासारखे गात होते!

याच्या अगदी उलट रीत १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. मालाची पारख करणाऱ्या एका जुन्या संस्थेत १९३५ साली नोकरांचा संप झाला, आणि संपातून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘कन्झ्युमर्स युनियन’ नावाची नवी संस्था काढली. तिच्या मासिकाचे नाव पुढे ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ झाले. तिचे नियम दोन: मासिकात जाहिरात घ्यावयाची नाही, आणि पारखावयाची वस्तू कारखानदाराकडून फुकट न घेता सामान्य गिऱ्हाइकासारखी दुकानातून रोख विकत आणावयाची. आरंभी दूध, साबण, पायमोजे; मग शिलकीत पैसा आला तशा मोटारगाड्या, आणि संगीताच्या पेट्याही.

या संस्थेची गाठ पडली ती एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाशी. नोनी गोपाल बोस इंग्रजांचा तुरुंग भोगून १९२० च्या सुमारास अमेरिकेस निसटले. त्यांचा मुलगा अमर १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मला. महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला, तेव्हा या पोराने रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावला. पुढे एमआयटीत शिकत असता, १९५६ साली, कागदावरचे आकडे पाहून त्याने एक उत्तम म्हणून गणलेला संच विकत घेतला आणि त्याची घोर निराशा झाली. आकडे उत्तम, पण गाणे बेजान! सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बहुतेक आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो, हे त्याने हेरले. १९६४ साली कंपनी काढली आणि १९६८ साली ‘९०१’ नावाचा स्पीकर बाजारात आणला. त्यात नऊ लहान कर्णे. एकच श्रोत्याकडे तोंड केलेला, बाकीचे आठ भिंतीकडे.

मे १९७० च्या अंकात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने या स्पीकरवर एक वेगळी चौकट छापली. वस्तू अनोखी आहे, हे तीत कबूल केले होते. पण वाद्ये राक्षसी मोठी भासतात, व्हायोलिन दहा फूट रुंद वाटते, पियानो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरतो, आणि एकेक वाद्य खोलीभर भटकते, असा शेराही होता. नवलाई ओसरल्यावरही आवडेल याची खात्री होईपर्यंत एवढा खर्च लांबणीवर टाका, असे वर सुचविले होते.

बोस यांच्या कंपनीने १९७१ साली दावा लावला. खटला येऊन अडला तो ‘खोलीभर’ या एका शब्दावर! परीक्षेच्या वेळी अभियंत्यांनी ऐकले होते ते इतकेच, की आवाज दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीच्या कडेने इकडून तिकडे सरकतो. मग ‘खोलीभर’ का लिहिलेत? अभियंत्याने उत्तर दिले की, मला तेच म्हणावयाचे होते. न्यायाधीशांना ते पटले नाही. इतक्या हुशार माणसाला कड आणि खोली यांतला फरक कळत नाही, हे कोण मानील? जाणूनबुजून खोटे लिहिले असे ठरवून त्यांनी सुमारे १,१५,००० डॉलर भरपाई लावली.

इथे मला बोस यांची बाजू सोडवत नाही. ज्याने आयुष्य ओतून एक वस्तू केली, तिच्याविषयी चार ओळी लिहिताना एक शब्द तोलून घालणे परीक्षकाला जड का जावे? आणि तरीही असे वाटते की, ऐकलेला आवाज शब्दांत मांडणे म्हणजे अत्तराचा वास तराजूत टाकण्यासारखे आहे. आपल्याकडे मैफल संपल्यावर “आज स्वर नुसता भरून राहिला होता” असे म्हणतो, तेव्हा कुठल्या कोपऱ्यात, असे कोणी विचारीत नाही.

वरच्या न्यायालयाने १९८२ साली निकाल फिरविला, आणि ३० एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो कायम केला. खोटे आहे हे ठाऊक असून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता, लिहिले असे सिद्ध झाल्यावाचून भरपाई देववत नाही, असा १९६४ पासूनचा नियम होता आणि या खटल्यात तोच लागू धरला होता. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले त्याचा आशय असा की, शब्द चुकला असेल, समजूतही चुकली असेल. पण मुळात धूसर असलेली गोष्ट सांगताना झालेली चूक म्हणजे लबाडी नव्हे. शिवाय असा कावा खरोखर होता की नाही, हे वरच्या न्यायालयांनी पुरावा स्वतः चाळून ठरवावे.

त्या चौकटीला तोवर चौदा वर्षे उलटली होती. ‘९०१’ पुढेही कित्येक वर्षे विकला गेला, आणि तो घेणाऱ्यांत त्या दहा फूट रुंद व्हायोलिनवरच लुब्ध झालेले रसिक होते. अमर बोस २०१३ साली वारले. त्याआधी २०११ साली कंपनीचे बहुसंख्य भाग त्यांनी एमआयटीला देऊन टाकले होते.

चिरंजीवांना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन करून दोन्ही संचांचे आवाज सारखे करून पुन्हा ऐकवशील का म्हणून विचारले. तो म्हणाला, “दिवाळीनंतर या, साहेब. आता फार गर्दी आहे.”