मालकी आणि अखंडता : मुंबईतील स्वतंत्र माहितीपटकारांचा न्यायालयीन संघर्ष

कलाकृतीचे संरक्षण म्हटले की सामान्यतः चोरी व नक्कल यांचाच विचार होतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने चित्रपटाचा प्रथम स्वामी निर्माता ठरविला. स्वखर्चाने चित्रण करणारा माहितीपटकार स्वतःच निर्माता असल्याने मालकी त्याच्याकडेच राहते. परंतु कृती अखंड स्वरूपात लोकांसमोर जाईल याची हमी त्यातून मिळत नाही. मुंबईतील लढा प्रामुख्याने या दुसऱ्या हक्कासाठी झाला.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या लघुपटातील मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांना परीक्षण मंडळाने हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना शासनाने काटछाटीविना प्रमाणपत्र देण्याची तयारी दर्शविली. तरीही अब्बास यांनी तत्त्वाचा प्रश्न सोडला नाही. १९७० च्या निकालाने पूर्वपरीक्षण घटनासंमत ठरले. लघुपट सुटला, तत्त्व हरले! मात्र परीक्षणाला कालमर्यादा आणि शासनाबाहेरील अपिलाची सोय हवी, हा मुद्दा याच खटल्यामुळे पुढे आला.

पुढील पर्व आनंद पटवर्धन यांचे होय. बेघर झालेल्या झोपडीवासीयांवरील ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी तो दूरदर्शनवर येण्यासाठी चार वर्षे न्यायालयात झगडावे लागले. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) या पुरस्कारप्राप्त कृतीच्या प्रसारणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून २५ ऑगस्ट २००६ रोजी मिळाला. सुटी दृश्ये न पाहता संपूर्ण कृतीचा एकत्रित परिणाम पाहावा, ही भूमिका न्यायालयाने घेतली. तत्कालीन घटनांवर भाष्य करणारा माहितीपट अकरा वर्षांनी दाखविला जाणे यास विजय म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. विलंब हीदेखील एक कात्रीच असते. ‘जंग और अमन’ (२००२) या अण्वस्त्रविरोधी माहितीपटात प्रथम सहा आणि नंतर एकवीस ठिकाणी काटछाट सुचविण्यात आली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो काटछाटीविना मुक्त केला.

त्याच काळात उपनगरात एक दीर्घ चित्रण चालू होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. काही दिवसांतच ‘हमारा शहर’मध्ये गायलेले शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथे आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांनी, २०११ मध्ये पूर्ण झाला आणि वस्त्यावस्त्यांतून दाखविला गेला.

२००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात केवळ भारतीय माहितीपटांना परीक्षण प्रमाणपत्राची अट घालण्यात आली होती. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, परंतु अनेक परखड माहितीपट निवडीतच वगळले गेले. तेव्हा माहितीपटकारांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरविला. न्यायालयाबाहेर सामूहिक प्रतिकार उभा राहिल्याचे हे ठळक उदाहरण होय.

२०२३ च्या चलच्चित्र सुधारणा कायद्याने अनधिकृत चित्रमुद्रणास कारावासाची तरतूद केली. मालकीचे संरक्षण कडक झाले. अखंडतेबाबत मात्र उलट घडले. परीक्षण मंडळाच्या निर्णयाविरुद्ध दाद देणारे अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. त्यानंतर अशा माहितीपटकाराला थेट उच्च न्यायालयात जावे लागते, आणि वकिलाचे शुल्क चित्रणाच्याच तुटपुंज्या निधीतून काढावे लागते.