कॉफीपात्राचे कूळ

घरी कॉफी करण्यासाठी कोणते पात्र घ्यावे, हा प्रश्न आज दुकानातील जिनसांची रेलचेल पाहून पडतो. पण पितळी फिल्टर, कागदी गाळणीचा शंकू, अ‍ॅल्युमिनिअमचा मोका आणि विजेवर चालणारी यंत्रे यांचे कूळ शोधू लागले की ती सारी एकाच जुन्या वादातून जन्मास आल्याचे दिसते. कॉफी उकळावी की उकळू नये, हा तो वाद.

सोळाव्या शतकात इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे उघडली, तेव्हा याविषयी कोणाच्या मनात संदेह नव्हता. लांब दांड्याच्या लहानशा तांब्याच्या भांड्यात वस्त्रगाळ पूड व पाणी एकत्र तापवावे, फेस वर चढला की भांडे उतरवावे, आणि गाळ तळाशी बसू देऊन वरचे पेय घुटक्याघुटक्याने घ्यावे, अशी तेथली रीत होती. युरोपाने पेयाबरोबर ही चाल उचलली, मात्र तुर्की हातातले तारतम्य उचलले नाही. तिकडील घरांतून पूड बराच वेळ रटरटत ठेवीत, आणि गढूळ झालेला काढा निवळावा म्हणून त्यात माशाचा सरस किंवा अंड्याचे कवच घालीत.

या चालीला परिणामकारक शह बसला तो पॅरिसमध्ये. १८०० च्या सुमारास तेथे दोन मजल्यांचे कॉफीपात्र प्रचारात आले आणि त्याचे श्रेय परंपरेने आर्चबिशप द बेलॉय यांना दिले जाते. वरच्या भांड्याच्या सच्छिद्र तळावर पूड पसरावी, तीवर कढत पाणी ओतावे आणि ते आपल्याच भाराने झिरपून खाली उतरू द्यावे, एवढीच ती युक्ती. पण तिने विस्तव आणि कॉफीची पूड यांची फारकत केली. या युक्तीला शास्त्राचे अधिष्ठान लाभले ते काउंट रमफर्डमुळे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला, बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी सैन्याचा कारभार पाहिलेला आणि तोफा कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णतेचे स्वरूप काय असावे याचा प्रबंध १७९८ मध्ये मांडणारा हा पदार्थविज्ञानी स्वयंपाकघरातल्या चुलीकडेही तितक्याच गांभीर्याने पाही. १८१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने प्रतिपादन केले की कॉफीचे सर्वस्व तिच्या उडून जाणाऱ्या सुगंधी द्रव्यात आहे, आणि उकळताना नेमके तेच आपण वाफेबरोबर घालवून बसतो. सबब पूड चकतीने समपातळीत दाबावी, पाण्याच्या धारेने तिचा थर विस्कटणार नाही याचा बंदोबस्त करावा, झाकण घट्ट असावे आणि पात्राभोवती कढत पाण्याचे वेष्टन ठेवून आतील ऊब राखावी. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने एका पेल्यासाठी इतका विचार खर्च करावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

दक्षिण भारतातील पितळी फिल्टर हाती घेऊन पाहिला, तर रमफर्डची बहुतेक कलमे त्यात उतरलेली दिसतात. वरच्या भांड्याच्या तळाला सुईच्या अग्राएवढी छिद्रे, पुडीवर बसणारी मधोमध दांडी असलेली सच्छिद्र चकती, झाकण, आणि खाली डिकॉक्शन साठवणारे दुसरे भांडे. चकती हलकेच दाबायची असते. फार जोर दिला तर पाणी अडून बसते, मुळीच दाबली नाही तर ते धावत सुटते आणि डिकॉक्शन पांचट होते. पुडीत मिसळलेली चिकोरी नेपोलियनने १८०६ मध्ये पुकारलेल्या व्यापारबंदीनंतर, कॉफीच्या टंचाईमुळे, युरोपात बोकाळली. तिला निव्वळ भेसळ म्हणून हिणवणे मात्र अन्यायाचे होईल, कारण ती पाणी धरून ठेवते, झिरपण्याची गती मंद करते आणि डिकॉक्शनला दाट रंग आणते. माणसे पुष्कळ आणि उठण्याच्या वेळा निरनिराळ्या, अशा कुटुंबाला याहून सोयीचे पात्र माझ्या पाहण्यात नाही. रात्री भरून ठेवले की पहाटे डिकॉक्शन तयार असते, आणि ज्याच्या त्याच्या वेळेला गरम दूध मिसळून डवरा-टंबलरात वरखाली करून देता येते. व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिल्यावर तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांनी हीच कॉफी आपली मानली, आणि मुंबईत ती माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीमुळे रुजली.

१८४० च्या सुमारास जर्मनी-फ्रान्सकडे दोन काचगोळ्यांचे, निर्वातावर चालणारे पात्र निघाले. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर ते शोभे. रोजच्या धबडग्यात त्याचा निभाव लागणे कठीण होते.

धातूच्या छिद्रांतून थोडा गाळ निसटतोच. ही उणीव दूर केली ती ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने. तिने पितळेच्या भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टिपकागद काढून त्यावर अंथरला, आणि त्यातून स्वच्छ, कडवटपणा उतरलेली कॉफी गाळून घेतली. २० जून १९०८ रोजी बर्लिनच्या शाही पेटंट कचेरीत या गाळणीची नोंद झाली आणि त्याच वर्षाअखेर अवघ्या ७३ फेनिगांच्या भांडवलावर घरातच धंदा सुरू झाला. कॉफीपात्राच्या इतिहासात धर्मगुरू, सरदार आणि कारखानदार यांची नावे ठळकपणे येतात. रोज सकाळी ज्यांच्या हातून कॉफी होते त्यांच्यापैकी एकीचे नाव सनदेवर चढले, ही गोष्ट मला या सगळ्या हकिकतीत अधिक मोलाची वाटते.

१९३३ मध्ये उत्तर इटलीतील क्रुसिनाल्लो येथे अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात अष्टकोनी मोका तयार झाला. त्यात विस्तव परत आला खरा, पण पुडीपासून अंतर राखून. खालच्या कोठीतले पाणी तापते, वाफेचा दाब ते पाणी पुडीतून वर ढकलतो, आणि कॉफी वरच्या भांड्यात जमा होते. स्वदेशी धातू म्हणून मुसोलिनीच्या अंमलात अ‍ॅल्युमिनिअमला उत्तेजन होते, तरी मोका घरोघर पोचला तो महायुद्धानंतर, अल्फोन्सोचे चिरंजीव रेनातो यांनी केलेल्या जाहिरातीमुळे. वर खळखळ ऐकू येताच तो आचेवरून उतरवावा. नाहीतर शेवटची वाफ पूड करपवते.

महाराष्ट्रातल्या घरांत यांपैकी कशाचाच अंमल फारसा चालला नाही. पातेल्यात दूध-साखर उकळायची, त्यात कॉफीची पूड टाकायची, वर जायफळ किसायचे आणि गाळणीने गाळून कपात ओतायचे, हा आपला रिवाज. रमफर्डच्या कसोटीवर ती कॉफी टिकणार नाही. पण उकळीत गेलेल्या सुगंधाची भरपाई जायफळाने करण्याची ही तजवीज मला रसिकपणाची वाटते, आणि जिला ती आवडते त्या गृहिणीने महागडे यंत्र आणून ओट्यावरची जागा अडवू नये. दुधाची कडक कॉफी हवी असेल तर फिल्टर किंवा मोका घ्यावा, बिनदुधाची पिणाऱ्याने कागदी शंकू. पूड मात्र पात्र ठरल्यावरच दळून आणावी: तुर्की भांड्याला वस्त्रगाळ, मोक्याला बारीक, कागदाला मध्यम, कारण मोक्यासाठी दळलेली पूड शंकूत घातली की पाणी तुंबते, आणि शंकूची पूड मोक्यात घातली की फिकट, बेचव पाणी वर येते.