ऑर्गनाचे स्टॉप व आपल्या मंदिराचें गायन



महोत्सवाच्या मंगलप्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्य होय. परंतु ज्या वाद्यांनीं त्यांच्या कंठांस साथ दिली, त्यांचेंही स्मरण झालें पाहिजे असें आम्हांस वाटतें. आपल्या मंदिरांत गायकवृंदाच्या एका बाजूस पायांनीं भाता हालवून वाजविण्याचा जुना ऑर्गन आहे व दुसऱ्या बाजूस चटईवर हातपेटी आहे. ऑर्गनाचे कांहीं स्टॉप कित्येक वर्षांपासून अडकून बसले आहेत. तो विकून विजेवर चालणारा कीबोर्ड घ्यावा, अशी सूचना यंदा पुढें आली आहे. निर्णय होण्यापूर्वीं या स्टॉपांचा इतिहास सर्वांस ठाऊक असावा, यास्तव हा लेख.

वाद्यांत सुरांचे अनेक संच असतात. आपल्याकडील पेटीचे कारागीर त्यांस खर्ज, नर व मादी म्हणतात. कोणत्या संचास वारा मिळावा व कोणता मुका राहावा, हें ठरविणारी खुंटी म्हणजे स्टॉप. ही खुंटी कोठें असावी, ओढावी कीं दाबावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु थोर थोर वादकांनीं त्यावर वाद घातले आहेत.

पॅरिस येथील सें-सुल्पीस मंदिरांत कावाये-कोल या कारागिरानें १८६२ सालीं नळ्यांचा प्रचंड ऑर्गन सिद्ध केला. त्यास एकावर एक अशा पांच स्वरपट्ट्या असून स्टॉपांची संख्या १०० होती. इतक्या खुंट्या बसलेल्या माणसाच्या हातीं येणार कशा? म्हणून त्यानें त्या वादकाच्या दोहों बाजूंस अर्धवर्तुळाकार पायऱ्यांवर मांडल्या. पुढें १८९० नंतरच्या दशकांत होप-जोन्स या इंग्रज कारागिरानें खुंट्यांच्या जागीं बोटाच्या टोकानें दाबतां येतील अशा जिभेच्या आकाराच्या पट्ट्या प्रचारांत आणल्या. कित्येकांस ही सोय आवडली. कित्येकांनीं मात्र ओढावयाच्या खुंटीचा हट्ट सोडला नाहीं. १९०६ सालीं आल्बर्ट श्वायट्झर या विद्वान् वादकानें जर्मन व फ्रेंच ऑर्गनांची तुलना करणारा निबंध प्रसिद्ध केला. जर्मन वाद्यांत हाताखालच्या बटनांवर भर, तर फ्रेंच वाद्यांत बराचसा ताबा पायांकडे. श्वायट्झरनें फ्रेंच पद्धतीचा पक्ष घेतला. वाजविणाऱ्याचे हात सुरांवरून उचलले जाऊं नयेत, हें त्याच्या म्हणण्याचें मर्म.

असे नळ्यांचे ऑर्गन मुंबईच्या होली नेम कॅथेड्रलासारख्या मोठ्या मंदिरांत शोभतात. लहान गांवांच्या मंदिरांस आधार झाला तो पत्तीच्या सुरांच्या वाद्याचा. पॅरिसच्या देबेननें १८४२ सालीं ‘हार्मोनियम’ या नांवानें त्याचा हक्क नोंदविला. त्याच्या स्टॉपांची मांडणी मोठी विचारपूर्वक आहे. खर्जाकडील स्टॉप डाव्या अंगास, तारसप्तकाकडील उजव्या अंगास, आणि दोहोंकडे वर्तुळांत तेच आंकडे. त्यामुळें डावीकडील एक व उजवीकडील एक मिळून एक पूर्ण आवाज होतो, हें नवशिक्यासही उमगतें.

याच वाद्यांत ‘एक्सप्रेशन’ नांवाचा एक स्टॉप असतो. तो ओढला कीं वाऱ्याचा साठा बाजूस राहून पायांचा प्रत्येक कंप थेट सुरांत उतरतो. गुरुविद्यालयांत असतां, तीसेक वर्षांपूर्वीं, एका सायंकाळीं आशीर्वादविधीच्या वेळीं आम्हीं त्याचा अर्थ न जाणतां तो मोठ्या ऐटीनें ओढला. आमचे पाय अडखळले, सूर धापा टाकूं लागला आणि सर्व विद्यार्थ्यांचें गायन मध्येंच तुटलें. स्टॉप हा अलंकार नसून ती एक जबाबदारी आहे, हा धडा आम्ही त्या दिवशीं शिकलों.

अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनांत भाता वारा बाहेर न फेंकतां आंत ओढतो. म्हणून त्याचा सूर मृदु असतो. त्याचे स्टॉप पट्ट्यांच्या वर एका रांगेंत असतात, आणि आवाज वाढविण्याच्या तरफा गुडघ्यांजवळ असतात. असा ऑर्गन आपल्या महाराष्ट्रानें रंगभूमीवरही आपलासा केला. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या गायनास ऑर्गनाची साथ असे. ज्या बालगंधर्वांचें नांव जळगांवच्या खुल्या नाट्यगृहास आहे तेच हे. अशा रीतीनें हें परकीय वाद्य मराठी कानास परकें राहिलें नाहीं.

दुसरीकडे, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पायांचा भाता काढून पाठीमागें हाताचा भाता बसविलेली पेटी प्रचारांत आणली. आतां वादक जमिनीवर बसला, एक हात भात्यावर गेला व एकच हात सुरांवर उरला. गातां गातां खुंट्या ओढण्यास हात मोकळा नाहीं; म्हणून त्या पुढील फळीवर आल्या व गायनापूर्वींच लावून ठेवण्याची रीत पडली. शिवाय एकच सूर अखंड धरून ठेवणारे निराळे स्टॉप तींत आले, कारण आपल्या गायनास षड्जाचा आधार लागतो.

वाचकहो, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्टॉपांची मांडणी कारागिराच्या लहरीनें ठरत नाहीं. वाजविणारा कसा बसतो, त्याचे हातपाय कोठें गुंतलेले असतात आणि ऐकणारे कसे गातात, यांवरून ती ठरते. ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेची आहे. पोप दहावे पायस यांनीं १९०३ च्या आज्ञापत्रांत सांगितलें कीं, वाद्यानें गायनास आधार द्यावा, त्यास दडपूं नये. १९६३ सालीं व्हॅटिकन महासभेनें नळ्यांच्या ऑर्गनाचा गौरव करून, उपासनेस योग्य अशा इतर वाद्यांसही वाट मोकळी केली. म्हणून आपली हातपेटी पाहुणी नसून घरचीच आहे.

कीबोर्डास आमचा विरोध नाहीं. परंतु त्यांतील शेंकडों आवाजांच्या बटनांपेक्षां, गीतापूर्वीं क्षणभर थांबून ‘आज लोकांस किती आधार हवा?’ असें विचारावयास लावणारी खुंटी आम्हांस अधिक मोलाची वाटते. आपला ऑर्गन मेलेला नाहीं. खानदेशच्या उन्हाळ्यांत त्याचें लांकूड आकसतें, भात्याचें कातडें सुकतें. पावसाळ्यांत तेंच लांकूड फुगून खुंट्या धरून ठेवतें. हा रोग जाणत्या कारागिराच्या हातून बरा होण्याजोगा आहे.

यास्तव आमची विनंती अशी कीं, विक्रीचा निर्णय घेण्यापूर्वीं एकदां तो कारागिरास दाखवावा, आणि धर्मग्रामांतील दोघां मुलामुलींनीं पेटीबरोबरच ऑर्गनही शिकावा; शिकविण्यास आम्ही तयार आहों. एक्सप्रेशनाचा स्टॉप कधीं ओढूं नये, हें तरी आम्ही त्यांस खात्रीनें सांगूं शकूं.

प्रभु आपणां सर्वांचे कंठ व हात आपल्या स्तुतीसाठीं सिद्ध ठेवो.