ईम गावचे दोन पाद्री

इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात ईम नावाचे गाव आहे. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे कापड आले आणि त्याबरोबर प्लेग आला, असे मानतात.

गावात तेव्हा दोन पाद्री होते. १६६२ च्या कायद्याने सक्तीची केलेली प्रार्थनापद्धती नाकारल्यामुळे थॉमस स्टॅन्ली यांना चर्च सोडावे लागले होते. विल्यम मॉम्पेसन हे नवे, अधिकृत पाद्री. जुन्यांना मानणारे गावात बरेच होते.

जून १६६६ मध्ये दोघांनी मिळून गावाला समजावले : शीव ओलांडायची नाही. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या घळीत होऊ लागली. ज्याने त्याने आपले मयत स्वतः दफन करायचे. शेजारच्या गावांतले लोक शिवेवर धान्य ठेवत आणि दगडाच्या खळग्यातल्या सिरक्यात बुडवलेली नाणी घेऊन जात.

साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही हदीसमधली शिकवण आपल्याला ठाऊक आहे. ती पाळणे किती जड, हे ईममध्ये दिसते. एलिझाबेथ हॅनकॉक यांनी आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही गेली. सुमारे २६० माणसे दगावली, पण शेजारची गावे वाचली.

स्टॅन्ली शेवटपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. मतभेद मिटले नाहीत. संकटात ते बाजूला ठेवले गेले, एवढेच. गाव ऐकले ते त्यामुळेच.