पोप, अलेक्झांडर
(२१ मे १६८८ – ३० मे १७४४). इंग्रज कवी व उपरोधकार. जन्म लंडनमध्ये, कापडव्यापाऱ्याच्या कॅथलिक कुटुंबात. कॅथलिकांना तेव्हा इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे बंद होती. त्यामुळे त्याचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. मणक्याच्या क्षयाने पाठीला कुबड आले, उंची साडेचार फुटांच्या आसपास खुंटली. विरोधकांनी या व्यंगाची यथेच्छ टवाळी केली. पोपही उधारी ठेवणारा नव्हता.

यमकाने बांधलेल्या दोन ओळींत विचार पुरा करायचा, ही त्याची हातोटी. एसे ऑन क्रिटिसिझम (१७११) मधल्या कित्येक ओळी इंग्रजीत म्हणी होऊन बसल्या. राजपुत्राला भेट दिलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यासाठीही त्याने दोन ओळी रचल्या : त्यांत कुत्रा आधी आपला मालक सांगतो, मग वाचणाऱ्यालाच त्याचा मालक विचारतो. दरबाऱ्यांवर याहून आटोपशीर टीका सापडणे कठीण.

लॉर्ड पीटरने अ‍ॅराबेला फर्मरच्या केसांची बट कापली आणि दोन घराण्यांत बिनसले. मित्राच्या सांगण्यावरून पोपने त्यावर द रेप ऑफ द लॉक (१७१२, विस्तारित १७१४) हे विडंबन-महाकाव्य लिहिले. त्यात पत्त्यांचा डाव रणसंग्राम होतो.

इलियडच्या भाषांतराने (१७१५–२०) त्याला आश्रयदात्याविना जगण्याइतका पैसा दिला.

त्याच्या शेक्सपिअर-आवृत्तीतील चुका लूइस थिओबाल्डने दाखवल्या. त्या दुरुस्त्या बऱ्याच अंशी रास्त होत्या. तरी पोपच्या डन्सिअड या उपरोधकाव्यात (१७२८) मूर्खांचा राजा थिओबाल्डच ठरला. १७४३ मध्ये ते सिंहासन राजकवी कॉली सिबरला मिळाले.